माल सुटतो, जबाबदारी सुटत नाही

पोर्ट लुईच्या बंदराकडे जाणे-येणे असलेल्या आमच्या वाचकांनी तटरक्षक दलाची 'बाराकुडा' ही गस्ती नौका पाहिली असेलच. ७४ मीटर लांबीची ही नौका कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधली गेली आणि १२ मार्च २०१५ रोजी, आपल्या राष्ट्रीय दिनी, भारताचे पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सेवेत दाखल झाली. भारताने परदेशासाठी बांधून निर्यात केलेली ही पहिली युद्धनौका. तिच्या पाठोपाठ गोवा शिपयार्डमध्ये बांधलेल्या 'व्हिक्टरी' व 'व्हॅलियंट' ह्या वेगवान गस्ती नौकाही आपल्या किनाऱ्याला लागल्या.

ह्या नौकांचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच होते. परंतु लष्करी उपयोगाचा माल एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा त्याच्याआधी सरकारी परवानगीचे कागद फिरतात. त्या कागदांविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. हा विषय आता केवळ सरकारांचा आणि सेनापतींचा राहिलेला नाही. आपल्या घरची मुले-मुली फ्रीपोर्टमध्ये, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्यांत, कस्टममध्ये आणि आयात-निर्यातीच्या व्यापारात काम करतात. त्यांच्या टेबलावर असा कागद कधीही येऊ शकतो, आणि त्यावरची सही महागात पडू शकते.

तोफ, दारूगोळा किंवा युद्धनौका ह्यांना परवाना लागतो हे कोणासही पटेल. खरी अडचण आहे ती दुहेरी उपयोगाच्या मालाची, म्हणजे जो माल घरच्या कामाला येतो आणि रणांगणावरही चालतो त्याची. थायोडायग्लायकोल नावाचे एक रसायन घ्या. बॉलपेनच्या शाईत आणि कापडावर रंग चढवताना ते वापरतात. त्याच रसायनापासून अंगावर फोड उठवणारा मस्टर्ड वायू तयार होतो. १९८० ते १९८८ ह्या काळातील इराण-इराक युद्धात हा वायू वापरला गेला, आणि त्याला लागणारी रसायने साध्या व्यापारी मालाच्या नावाने मिळवली गेली होती. त्यावरून धडा घेऊन १९८५ साली काही देशांनी 'ऑस्ट्रेलिया ग्रुप' स्थापन केला आणि अशा रसायनांच्या निर्यातीवर सर्वांनी मिळून लक्ष ठेवण्याचे ठरवले.

दुसरे उदाहरण आपल्याच महासागराच्या काठचे आहे. मुतखडा शस्त्रक्रिया न करता फोडण्याचे यंत्र आता इस्पितळांत असते. त्या यंत्रात विजेचा जोरदार झटका नेमक्या क्षणी सोडणारा एक छोटा भाग बसवलेला असतो. अणुबॉम्बचा स्फोट घडवण्यासाठीही तोच भाग उपयोगी पडतो. २००३ साली केप टाऊनमधील एका व्यापाऱ्याने असे २०० भाग अमेरिकेतून मागवले आणि ते दक्षिण आफ्रिकेतील एका इस्पितळासाठी आहेत असे कागदावर दाखवले. एखाद्या इस्पितळाला असे मोजकेच भाग पुरतात. २०० कशाला हवेत? अमेरिकी अधिकाऱ्यांना आधीच सुगावा लागला होता. पहिल्या खेपेतले ६६ भाग त्यांनी कारखान्यातच निकामी करवून घेतले आणि मग जाऊ दिले. ते इस्पितळात पोहोचलेच नाहीत. दुबईमार्गे पाकिस्तानला गेले. २००५ मध्ये त्या व्यापाऱ्याला तीन वर्षांची कैद झाली. कागदावर रोग्याचे नाव होते, वाट मात्र बॉम्बची होती.

ह्या परवान्यांना आणखी एक बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. मोठ्या राष्ट्रांनी लहानांना अडवण्यासाठी हे कागद काढले, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. भारताने हा अनुभव चांगलाच घेतला आहे. १९८० नंतरच्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेने त्याला परवाना दिला नाही. पावसाच्या अंदाजासाठी त्याहून लहान यंत्र तेवढे दिले, आणि तेही त्याचा दुसरा काही उपयोग होऊ नये अशा अटींवर. तेव्हा भारत सरकारने १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी केली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले, आणि १९९१ साली 'परम ८०००' हा भारतीय महासंगणक तयार झाला. अग्निबाणाच्या क्रायोजेनिक इंजिनाचेही असेच झाले. रशियाशी करार झाला असता अमेरिकेने १९९२ मध्ये निर्बंध घातले, तंत्रज्ञान हाती आले नाही, आणि स्वदेशी इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण होण्यास ५ जानेवारी २०१४ हा दिवस उजाडावा लागला.

ज्याला दारात उभे केले गेले तोच देश आज दार राखतो आहे. १९९५ साली भारताने अशा मालाची आपली पहिली यादी केली. पुढे तिला 'स्कोमेट' असे नाव मिळाले. विशेष रसायने, जीवाणू, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान ह्यांची ती यादी आहे. २००५ मध्ये सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा झाला. त्यानंतर भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या गटात, २०१७ मध्ये वासेनार गटात आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये सामील झाला. अणुपुरवठादार देशांच्या गटाने २००८ मध्ये भारताला सवलत दिली, सदस्यत्व मात्र दिलेले नाही.

आता परवाना मिळतो कसा ते पाहू. भारतातील निर्यातदाराने प्रथम आपला माल यादीत कोठे बसतो हे ठरवायचे. अणुविषयक माल असेल तर अणुऊर्जा विभाग, दारूगोळा व लष्करी सामग्री असेल तर संरक्षण उत्पादन विभाग, आणि बाकी बहुतेक मालासाठी परकीय व्यापार महासंचालनालय, अशी वाटणी आहे. महासंचालनालयाकडे आलेला अर्ज निरनिराळ्या मंत्रालयांच्या प्रतिनिधींच्या समितीपुढे जातो. परराष्ट्र खाते घेणाऱ्या देशाचा विचार करते, तर शास्त्रज्ञ मंडळी मालाची ताकद तपासतात. अर्जासोबत अंतिम वापराचा दाखला जोडावा लागतो. माल कोण वापरणार, कोठे वापरणार, कशासाठी वापरणार आणि परवानगीशिवाय तो पुढे कोणाला देणार नाही, हे खरेदीदाराने त्यात लिहून द्यायचे असते. साऱ्या प्रकरणाचे मर्म ह्या दाखल्यात आहे.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही, की निर्यात म्हणजे केवळ पेटारा नव्हे. यंत्राचा आराखडा किंवा संगणकाचा कार्यक्रम ईमेलने पाठवला तरी ती निर्यातच. दुसरी, यादीत नाव नसलेल्या मालालाही परवाना लागू शकतो. हा माल संहारक शस्त्रांच्या कामी जाणार आहे हे विकणाऱ्यास ठाऊक असेल, तर यादीत नाही ही सबब चालत नाही. तिसरी, सामानाच्या पिशवीतून नेलेली वस्तूही सुटत नाही. उष्णतेवरून अंधारात पाहणारे काही कॅमेरे अशाच याद्यांत मोडतात.

आपल्या बेटाचा संबंध येतो तो येथे. १९९२ पासून आपल्याकडे फ्रीपोर्ट आहे. माल येतो, साठवला जातो, नव्याने बांधला जातो आणि आफ्रिकेकडे किंवा आशियाकडे रवाना होतो. ह्या धंद्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात. परंतु वाकडी वाट शोधणारा माणूस अशाच मधल्या बंदरांकडे पाहत असतो. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेले एक जहाज इटलीकडे वळवण्यात आले. त्यावर युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे भाग सापडले. ते मलेशियात बनले होते आणि दुबईतून पुढे निघाले होते. त्यानंतर, २८ एप्रिल २००४ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव केला. अशा मालाची निर्यात आणि मधल्या बंदरातून होणारी वाहतूक ह्यांवर नियंत्रण ठेवणे हे त्याने प्रत्येक राष्ट्राचे कर्तव्य ठरवले. राष्ट्र लहान की मोठे हा भेद त्यात नाही.

म्हणून ह्या कामात असलेल्या तरुण मंडळींना आमचे सांगणे असे. गिऱ्हाईकाला आपल्याच मालाची माहिती नसेल, यंत्र बसवून देण्याची मदत तो नाकारत असेल, भाव न करता रोख पैसे मोजत असेल, अथवा अंतिम पत्ता म्हणून केवळ माल वाहून नेणाऱ्या दलालाचे नाव देत असेल, तर थांबावे. वरिष्ठांना विचारावे. वरिष्ठ 'सही कर आणि मोकळा हो' म्हणाले, तर कस्टमकडे लेखी विचारणा करावी. एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे येईल. बंदराचे नाव एकदा खराब झाले की प्रामाणिक व्यापाऱ्याचा पेटाराही प्रत्येक धक्क्यावर उघडला जातो, आणि त्याची झळ मजुरापासून कारकुनापर्यंत सर्वांना लागते.

आपले आजे-पणजे गिरमिटावर अंगठा उठवून ह्या बेटावर आले. त्या कागदात काय लिहिले आहे हे त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते, आणि त्याची किंमत त्यांनी उसाच्या मळ्यांत वर्षानुवर्षे मोजली. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत घातले म्हणून आज आपण कागद वाचू शकतो. तेव्हा समोर आलेला दाखला नीट वाचूनच खाली नाव लिहावे, एवढीच आमची विनंती आहे.