चाकणची काच, मुंबईच्या खिडक्या

पुणे-नाशिक रस्त्यानं चाकणच्या थोडं अलीकडे कुरुळी लागते. सेंट-गोबेन सेकुरिटचा गाड्यांच्या काचांचा कारखाना तिथे आहे, आणि याच कंपनीचं काम भोसरीतही चालतं. पुढची काच म्हणजे दोन पातळ काचा आणि मधे प्लॅस्टिकचा पडदा. ती फुटली तरी जागच्या जागी धरून राहते. दाराची काच वेगळी. ती सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम थंड करतात. एकदा अशी तावून निघाली की तिला कापायला हिरकणी लावायची सोय नाही. लावलीच तर सगळ्या काचेचा भुगा. भोसरी-चाकण पट्ट्यात काचेचं हे शास्त्र कळणारी माणसं भरपूर आहेत. मात्र याच पट्ट्यात कुणाला रंगीत काचांची, शिशात गुंफलेली खिडकी करायची असेल, म्हणजे स्टेन्ड ग्लास, तर चांगला रंगीत तक्ता बाहेरदेशाहून येण्याची वाट पाहावी लागते.

याचं कारण कौशल्याच्या अभावात शोधू नये. आपल्याकडे काच आली ती उपयोगाची वस्तू म्हणून. खिडकीतली चित्रं आली साहेबाच्या देवळांबरोबर आणि त्याच्या विद्यापीठाबरोबर, तीही तयार होऊन. त्यामुळे इथला काचचित्रकार नव्या कामापेक्षा दुरुस्तीच्या वाटेनं या कलेत शिरतो.

उपयोगाच्या काचेचा इतिहास या पट्ट्याला अगदी खेटून आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली: प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्यांनी ती उचलून धरली, आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाडेला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. तो चालवायला माणूस मिळाला ईश्वरदास वार्ष्णेय. जपान आणि अमेरिकेत काचेचं तंत्र शिकून आलेला हा उत्तरेकडचा गृहस्थ मावळात भट्टी पेटवून बसला. कारखान्यानं काच काढलीच, शिवाय कारागीर घडवले, आणि ही दुसरी कामगिरी मला मोठी वाटते. इथे शिकलेली माणसं पुढे देशभरच्या भट्ट्यांवर गेली. स्वतः वार्ष्णेय नंतर उत्तरेत गेले आणि बहजोईला त्यांनी कारखाना उभा केला. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी 1916 मध्ये कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला आणि त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडलं.

या साऱ्यांचा जीव बाटलीत, चिमणीत, कंदिलात होता. स्वदेशीच्या माणसाला परकी चिमणी सलायची, चर्चच्या खिडकीतला परका संत सलायचं कारण नव्हतं. रंगांची विद्या तशी गुपित नव्हती. कोबाल्टनं निळा, क्रोमियमनं हिरवा, मँगनीजनं जांभळा, आणि अस्सल माणकाचा लाल हवा असेल तर सोनं. लाल इतका गडद उतरतो की अख्खा तक्ता लाल केला तर काळाच दिसेल. म्हणून बिनरंगी काचेवर लालाचा पातळ पदर चढवतात. हे काम तोंडानं फुंकून होतं. बव्हेरियातल्या वाल्डसासेनला लॅम्बर्ट्सच्या काचकारखान्यात अजूनही काच फुंकून लांबट नळकांडं करतात, ते उभं चिरतात आणि भट्टीत उलगडून सपाट करतात. 2023 मध्ये युनेस्कोनं हातानं काच घडवण्याच्या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यासाठी पुढे आलेल्या सहा देशांत जर्मनी होता.

आता कार्यशाळेत डोकावू. टेबलावर खिडकीच्या मापाचंच रेखाचित्र पसरलेलं असतं. दोन काचांच्या मधे शिशाच्या पट्टीचा कणा बसायचा असतो, म्हणून तेवढी जागा सोडून प्रत्येक तुकड्याचा नमुना कापायचा. ही जागा दर तुकड्याला केसभर चुकली तरी शेवटी अख्खी खिडकी चौकटीबाहेर जाते. चेहरा, बोटं, कपड्याच्या चुण्या काचेच्या चुऱ्यात धातूची भस्मं मिसळलेल्या रंगानं काढतात आणि साडेसहाशे अंशांच्या आसपास भाजतात, तेव्हा तो रंग काचेशी एकजीव होतो. पिवळा मात्र चांदीच्या क्षारातून येतो आणि तो बहुधा काचेच्या पाठीवर देतात. मग दोन्ही बाजूंना खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवायचे, सांधे कथील-शिशाच्या डाखानं जोडायचे, आणि खाचांत खडूची पूड, जवसाचं तेल आणि काजळी यांची लांबी ब्रशनं घासून भरायची. हे शेवटचं काम कंटाळवाणं आणि हात काळे करणारं. शिकाऊ पोरं इथे अंग चोरतात, आणि पहिल्या पावसात खिडकी गळते ती याच चोरीमुळे.

शिसं नरम. शंभरेक वर्षांत ते थकतं, स्वतःच्याच वजनानं खिडकीला पोट येतं. मुंबईच्या एकोणिसाव्या शतकातल्या खिडक्या आपल्या काळात एकदम आजारी पडल्या त्यात म्हणून नवल नाही. वर समुद्राची खारी हवा आहेच. राजाबाई टॉवर आणि त्यातलं विद्यापीठाचं ग्रंथालय जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं आखलं, मुंबईत पाऊलही न टाकता. प्रेमचंद रायचंदांनी पैसा दिला, आईचं नाव टॉवरला मिळालं, 1878 मध्ये काम संपलं. त्याच आवारातल्या दीक्षान्त सभागृहात बारा राशींची गोल खिडकी आहे. पदवी घेताना मान वर करून ती किती जणांनी पाहिली असेल, शंकाच आहे.

राजाबाईच्या काचांना 2013 ते 2015 च्या जीर्णोद्धारात हात लावला तो स्वाती चांदगडकर यांनी. मुंबईच्या या काचचित्रकार स्टेन्ड ग्लासच्या संवर्धनातलं आपल्याकडचं ठळक नाव. अशा कामाची रीत उलटी असते. आधी फोटो, मग कागद ठेवून शिशाच्या रेषांचा ठसा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि मगच जुनं शिसं सोडवायचं. तडकलेला तुकडा फेकायचा नाही, कडेनं चिकटवायचा. तुकडा हरवलाच असेल तर नवा असा करायचा की जुन्यात मिसळेल, पण जाणकाराला ओळखू येईल. चित्रकाराला स्वतःची सही गिळून दुसऱ्याच्या रेषेवर चालावं लागतं. हा संयम नव्या निर्मितीइतकाच कठीण आहे असं माझं मत. आपल्या कलासमीक्षेनं त्याची फारशी दखल घेतलेली नाही.

परत आपल्या पट्ट्यात यावं. निगडी प्राधिकरणातले बंगले, वाकड आणि पिंपळे सौदागरचे फ्लॅट यांत रंगीत काचेला गिऱ्हाईक आहे, आणि ते बहुतेक देवघराच्या दारापाशी येतं. गणपती, कमळ, समई. हे बव्हंशी छापील किंवा वाळूच्या झोतानं खरवडलेलं काम असतं, नाहीतर साध्या काचेवर चिकटवलेली रंगीत फिल्म. नाकं मुरडण्यात अर्थ नाही. हातकामाच्या दाराला काही आठवडे लागतात, किंमत कितीतरी पट होते, आणि गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरलेला असतो. दुकानदार तरी काय सांगणार?

तरी एक गोष्ट खटकते. भट्टीचं तापमान अंशाअंशानं राखणारे, काच वाकवणारे, कडा घासणारे हात या पट्ट्यात तयार आहेत. शिसं आणि डाख इथल्या बाजारात मिळतात. तळेगावची भट्टी पेटली तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं. माणूस परदेशी शिकून आला आणि वर्गणी पैशापैशानं गोळा झाली. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिसंकाम आणि काच रंगवण्याचा सहा महिन्यांचा वर्ग काढायचा तर अडचण भांडवलाची फारशी येणार नाही. शिकवायला माणूस मुंबईहून आणावा लागेल, रंगीत तक्ते काही काळ बाहेरूनच येतील, आणि पहिल्या तुकडीला काम मिळेल ते जुन्या चर्चच्या खिडक्या उतरवण्याचं.