घरच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यालाही हवी सुट्टी. कुठे मिळते मदत? जाणून घ्या

श्रीपूर (ता. माळशिरस) : साखर कारखान्याचं गाव म्हटलं की पाळी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. एकाची पाळी संपली की दुसरा येतो. घरात मात्र लकवा झालेल्या सासऱ्याला किंवा दिव्यांग लेकराला सांभाळणाऱ्या बाईला पाळी बदलून मिळत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. म्हणजे रात्रीतून तीन-चार वेळा उठणं आलंच. केंद्राच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, १५ ते ५९ वयोगटात घरच्यांची देखभाल करणाऱ्या महिला दिवसाला सरासरी १४० मिनिटं त्यात घालवतात, तर असे पुरुष ७४ मिनिटं. सांभाळणारीच आजारी पडली तर दोन रुग्ण होतात.

पैशाची मदत

केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेतून सांभाळणाऱ्यालाच दरमहा ६०० रुपये मंजूर आहेत. आपल्याकडच्या खालील योजनांत लाभ रुग्णाच्या नावावर मिळतो, तो तरी सोडू नये.

- संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ (६५ वर्षांपुढील) योजना : दरमहा १५०० रुपये. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये. उत्पन्नाची अट आहे. अर्ज तहसील कार्यालयात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवावं.
- आयुष्मान वय वंदना कार्ड : ७० वर्षांपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. मात्र हे दवाखान्यात दाखल झाल्यावरच, घरच्या देखभालीला नाही.
- निरामय विमा : ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेल्यांना १ लाखापर्यंत. राष्ट्रीय न्यासाच्याच 'समर्थ' योजनेत नोंदणीकृत संस्थांमार्फत अशा व्यक्तींना काही काळ सांभाळण्याची सोय आहे. घरच्यांना सुट्टी देणारी योजना ती हीच.

गावातली मदत

आशाताई किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे अंथरुणावरच्या रुग्णाची नोंद करून गृहभेट मागावी. माणसाला उचलायचं कसं, कुशीवर कसं वळवायचं, जखम कशी ओळखायची, हे त्यांच्याकडून शिकून घ्यावं. चादरीच्या आधारानं दोघांनी मिळून सरकवलं तर कंबर वाचते. शिकताना घरातले पुरुषही हजर असावेत.

फोनवर मदत

- १४५६७ : ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. पेन्शन, कायदा, आधार याविषयी माहिती.
- १४४१६ : टेलि-मानस, २४ तास, मोफत, मराठीतही. झोप उडाली, सारखी चिडचिड होते, जीव नकोसा वाटतो, अशा वेळी सांभाळणाऱ्यानं स्वतःसाठी हा नंबर लावावा.

घरातली पाळी

योजनेचा कागद हलायला वेळ लागतो. घरातली पाळी आजपासून लावता येते. रात्रीचे दोन भाग करावेत, अर्धी रात्र एकानं, अर्धी दुसऱ्यानं. आठवड्यातला एक अर्धा दिवस सांभाळणारीला पूर्ण मोकळा द्यावा. भावंडं पुण्या-मुंबईला असतील तर त्यांनी महिन्यातले दोन दिवस येऊन बसावं, नाहीतर मदतनीस बाईचा पगार वाटून घ्यावा. नुसतं "कसं आहे?" विचारून भागत नाही; "आज रात्री मी उठतो" म्हणणारा माणूस लागतो.