गर्भपिशवी काढली की कर्करोग गेला? गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार कसे ठरतात?

भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार महिलांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार जणींचा त्यात मृत्यू झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘पिशवी कधी काढायची?’ प्रत्यक्षात अनेक रुग्णांना या शस्त्रक्रियेची गरजच नसते. घाईने ती केली, तर पुढचे उपचार अवघड होतात.

टप्पा आधी का ठरवतात?

बायोप्सीतून कर्करोग आहे की नाही हे कळते. तो किती पसरला आहे, हे अंतर्गत तपासणी आणि एमआरआयवरून समजते. गरज पडल्यास पेट-सीटीही करतात. उपचार त्यावरच ठरतात.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

गाठ लहान आणि गर्भाशयमुखापुरतीच असेल, तर शस्त्रक्रिया केली जाते. अगदी सुरुवातीचा आजार असेल आणि मूल हवे असेल, तर काही जणींमध्ये गर्भाशयमुखाचा छोटा भाग काढूनही भागते. इतर अनेकींमध्ये गर्भाशयासोबत आजूबाजूच्या ऊती आणि लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात. २०१८ मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दुर्बिणीपेक्षा पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरली. दुर्बिणीच्या गटात आजार जास्त वेळा उलटला.

गाठ मोठी असेल तर?

गाठ चार सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा आजार बाजूच्या ऊतींत पसरला असेल, तर रेडिएशन आणि त्यासोबत आठवड्यातून एकदा केमोथेरपी हा मुख्य उपचार आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ६३५ महिलांवर याची तुलना झाली. आधी केमो व नंतर शस्त्रक्रिया केलेल्या गटात पाच वर्षांनी ६९.३ टक्के महिला आजारमुक्त होत्या. केमोसह रेडिएशन घेतलेल्या गटात हे प्रमाण ७६.७ टक्के होते. एकूण जगण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखे होते.

घाईचा तोटा काय?

बाहेरून रेडिएशन दिल्यानंतर ‘ब्रॅकीथेरपी’ करतात. योनीमार्गातून गर्भाशयात बारीक नळी ठेवून गाठीला जवळून किरण दिले जातात. त्यामुळे मूत्राशय आणि गुदाशयाला कमी इजा होते. बायोप्सी न करताच पिशवी काढली आणि नंतर अहवालात कर्करोग निघाला, तर ही नळी बसवायला गर्भाशयच उरत नाही. आजूबाजूला राहिलेल्या आजारापर्यंत पुरेसे किरण पोहोचवणे मग कठीण जाते.

आठ आठवडे का महत्त्वाचे?

बाहेरून रेडिएशन साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालते. त्यानंतर ब्रॅकीथेरपीच्या काही फेऱ्या होतात. हे सगळे आठ आठवड्यांत पूर्ण व्हायला हवे. लांबले, तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. उपचार सुरू असताना रक्तस्राव थांबतो, बरे वाटू लागते आणि काही जणी मध्येच घरी परततात. ब्रॅकीथेरपी राहून गेली, तर उपचार अर्धवटच राहतो.

नवे काय?

रेडिएशनआधी सहा आठवडे केमोथेरपी दिल्यास पाच वर्षांनी जगण्याचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पुढच्या टप्प्यातील काही रुग्णांसाठी इम्युनोथेरपीचाही उपयोग होतो, पण ती महाग आहे.

डॉक्टरांना काय विचारावे?

बायोप्सी झाली का? टप्पा कोणता? शस्त्रक्रियेनंतरही रेडिएशन लागेल का? ब्रॅकीथेरपी कुठे होईल? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हेही संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. पाळी बंद झाल्यावर रक्त दिसले किंवा संबंधानंतर रक्तस्राव झाला, तर पिशवी काढण्याचा निर्णय घेण्याआधी तपासणी करून घ्यावी.