आमची मोरसची वारी

परदेशी जाऊन आलेल्या सभासदाने आपल्या या पत्रिकेत चार ओळी लिहाव्यात, असा संपादकांचा आग्रह असतो. आमच्यामागेही तो तगादा लागला. आम्ही काही लेखक नव्हे. अंबरनाथच्या एमआयडीसीत बावीस वर्षे नोकरी आणि बदलापुरात बिऱ्हाड. गावाकडची अडीच एकर आणि कारखान्याचा शेअर आबांच्या नावावर. त्यामुळे गोडधोड वर्णनाची अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. जे घडले ते लिहितो.

मॉरिशसच का, असे सगळ्यांनी विचारले. लोक सिंगापूर पाहतात, दुबई पाहतात. आमचा मूळ बेत दुबईचाच होता. पण आबांनी घरात पहिल्यांदाच हट्ट धरला. ते म्हणाले, "न्यायचं तर मोरसला न्या. न्हाईतर मी हितंच बरा."

मोरस हा शब्द आता कुणी वापरत नाही. जुनी माणसे पांढऱ्या दाणेदार साखरेला 'मोरस' म्हणत, कारण ती साखर मोरसहून, म्हणजे मॉरिशसहून, गलबतातून मुंबईला उतरे. प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला तो 1950 साली. त्याच्या कितीतरी आधी आपल्या लोकांच्या तोंडी ही साखर बसली होती. आमच्या घराण्यात या शब्दाला आणखी एक अर्थ होता. आबांच्या आजोबांच्या आजोबांचे एक भाऊ 'मोरसला गेले' आणि परत आले नाहीत. पितृपंधरवड्यात त्यांच्या नावाने एक पान वाढतात. नावाने असे म्हणायचे एवढेच, कारण नाव कुणालाच ठाऊक नाही. 'मोरसवाले' म्हणायचे आणि पाणी सोडायचे.

तयारी उल्हासनगरात झाली. बॅगा, आईसाठी स्वेटर, मुलीची जीन्स, सगळे तिथल्या बाजारात एका दिवसात उरकले. (मुलीच्या जीन्सवर अमेरिकेचे लेबल होते, शिवली होती मागच्या गल्लीत.) बॅगांचे दुकान एका वृद्ध सिंधी गृहस्थांचे. आबांनी त्यांना मोरसवाल्यांची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमचे वडील कराचीहून बोटीनेच आले. इथे मिलिटरीचा कॅम्प होता, त्यात बॅरेकचा नंबर मिळाला. तो नंबर आजही आमच्या पत्त्यात आहे, बाबा." 1949 साली कॅम्पाचे उल्हासनगर झाले, पण बॅरेक नंबर काही पुसला गेला नाही. त्यांनी बॅगेचे शंभर रुपये कमी केले. नंबर जपून ठेवा, असा त्यांचा सल्ला आम्हाला पुढे आठवायचा होता.

निघायच्या आदल्या दिवशी आईने सर्वांना अंबरनाथच्या शिवमंदिरात नेले. शके 982 मधले, म्हणजे इसवी सन 1060 चे ते देऊळ; गाभाऱ्यात खाली उतरून जावे लागते. आईचे म्हणणे, समुद्र ओलांडायचा तर देवाला सांगून जावे.

2024 ची दिवाळी होती. विमानात सहा-सात तास काढले आणि उतरलो तो दोन्ही बाजूंना ऊस! आबांनी टॅक्सीच्या काचेला नाक लावले ते हॉटेल येईपर्यंत काढले नाही. तिकडचा गळीत हंगाम जूनपासून डिसेंबरपर्यंत असतो, तेव्हा तोडणी ऐन रंगात होती. शेतातून जागोजाग काळ्या दगडांचे मनोरे उभे दिसले. जमीन ज्वालामुखीची, मजुरांनी हातांनी दगड वेचून रचले आणि मधल्या मातीत ऊस लावला. "हे कुणी उचललं असंल?" एवढेच आबा म्हणाले.

शहरे पाहिली ती पोर्ट लुईस, रोझ हिल, क्वात्र बोर्न, व्हाकोआ आणि क्युरपिप. एक संपते तिथे दुसरे सुरू. आपले उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर जसे रुळाला ओवलेले, तशीच ही. 2022 पासून पोर्ट लुईसहून थेट क्युरपिपपर्यंत मेट्रो धावते आणि ती बांधली आहे आपल्या लार्सन अँड टुब्रोने. सकाळी साडेसातला आम्हाला पाचांनाही बसायला जागा मिळाली. बदलापूरकराला याहून मोठे परदेशदर्शन नाही! त्यांचीही निवडणूक 10 नोव्हेंबरला होती, रस्त्यांवर पताकाच पताका. आपल्याकडे विधानसभेचे मतदान 20 तारखेला, त्यामुळे आबांना घरच्यासारखेच वाटले.

खाण्याची आबाळ झाली नाही. रस्त्यावर 'डाल पुरी' मिळते. पुरणपोळीच समजा, पण पुरणात गूळ नाही, साखर नाही, वर तिखट रस्सा. साखरेच्या देशात बिनसाखरेची पुरणपोळी, यावर आई अजून बोलते. एक मराठी कुटुंब भेटले. कोकणातून पाच-सहा पिढ्यांपूर्वी आलेले, घरात बोलणे क्रिओल, पण गणपती दणक्यात; गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. जाखडी नाचाला ते 'झाकरी' म्हणतात. त्यांचे आडनाव म्हणजे मूळ पुरुषाचे पाळण्यातले नाव. आजींनी आईचा हात धरला आणि मोडक्या मराठीत विचारले, "गाव कोणता?" दोघींना पुढे फारसे बोलता आले नाही, तरी तासभर बसल्या.

बो प्लां येथे 1999 साली बंद पडलेल्या कारखान्याचे साखर-संग्रहालय केले आहे. जुनी यंत्रे, चाखायला तऱ्हेतऱ्हेच्या साखरा. 1858 साली त्या बेटावर 259 कारखाने होते. आता बोटांवर मोजण्याइतके उरले. युरोपने पूर्वी ठरवून चढा भाव दिला आणि 2006 पासून तो छत्तीस टक्क्यांनी उतरवत नेला, तेव्हा अनेक छोट्या शेतकऱ्यांनी ऊसच सोडला. आपल्या संचालक मंडळींनी हा भाग जरूर पाहून यावा. यंत्रांविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण आमची वारी त्यासाठी नव्हती.

2 नोव्हेंबरला तिथे सुट्टी असते. 1834 साली त्याच तारखेला 'अ‍ॅटलस' जहाजातून 36 मजूर उतरले, त्याची आठवण म्हणून. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून गेली. गर्दी ओसरल्यावर आम्ही पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट पाहिला. बंदरालगत दगडी पायऱ्या, कोठड्या, स्वयंपाकघर. जहाजातून उतरलेला प्रत्येक जण या पायऱ्या चढून वर यायचा. करार पाच वर्षांचा, सुरुवातीला पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. 'खाडा' हा शब्द आम्हीच आबांना समजावून सांगताना वापरला आणि ते एकदम थांबले.

नंतर बसने मोकाला गेलो. तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांची नोंदणी पुस्तके जपली आहेत. कामावरच्या बाईंनी आपुलकीने विचारले, नाव? जहाज? नंबर? आबा काहीच सांगू शकले नाहीत. निघण्यापूर्वी त्यांनी सातबारा, वंशावळ, सगळे पिशवीत घेतले होते, आणि नेमके पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही. बाईंनी नमुन्याची एक नोंद मात्र दाखवली. नंबर, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. 1860 नंतरच्या काळातल्या कित्येकांचे फोटोही आहेत.

आबांनी ती नोंद दोनदा वाचून घेतली. बाहेर झाडाखाली बसले. आम्हाला वाटले, मोरसवाले सापडले नाहीत म्हणून जीव लागला असेल. बराच वेळाने बोलले.

"गोऱ्यानं जनावरावानी राबवलं, पर नाव लिवलं. बापाचं लिवलं, गाव लिवलं. मी पंधरा हंगाम चिटबॉय हुतो. मुकादमाचं नाव आन् फुडं कोयते बारा, कोयते चौदा. बस. एकाचंबी नाव लिवलं न्हाई."

मग त्यांनी 1981-82 च्या हंगामातली एक गोष्ट सांगितली. आम्ही घरातली माणसे, पण कधी ऐकली नव्हती. बीडकडची टोळी होती, कोप्या ओढ्याच्या कडेला. पहाटे फडात एका बाईला साप चावला. बैलगाडीतून नेईपर्यंत ती गेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा आबांनी दुसऱ्या दिवशी वहीत बाराचे साडेअकरा कोयते केले. बाईचे नाव लिहायला रकानाच नव्हता. नवऱ्याने मुकादमाची उचल फिटेपर्यंत अर्धा कोयता म्हणून हंगाम काढला. पाठीशी एक लहान मुलगी होती.

"आरं, तिच्या घरचं कुणी इचारायला आलं तर मी काय दावनार?" आबा म्हणाले.

परतीच्या विमानात ते झोपले नाहीत. मुंबईला उतरून बदलापूरला आलो. गावाकडे तेव्हा टोळ्या येऊ लागल्या होत्या. आबांनी आमच्याकडून एक दोनशे पानी वही मागून घेतली. आठवेल तसे ते लिहितात. पंधरा हंगामांतली एकोणीस नावे झाली आहेत, त्यांतली बरीच अर्धी. कुणाचे गाव आहे, कुणाचा बाप नाही. यंदाच्या हंगामात आमच्या फडावर आलेल्या टोळीची मात्र पुरी उतरवली, बायकांची आणि पोरांचीसुद्धा. मुकादमाला आधी संशय आला, हा म्हातारा कुठल्या खात्याचा म्हणून. मग त्यानेच चहा पाजला.

सभासदांना एक विनंती. 1981-82 च्या हंगामात ओढ्याकडच्या कोप्यांवर बीडकडची बारा कोयत्यांची टोळी ज्यांच्या फडावर होती, त्यांच्यापैकी कुणाला साप चावून वारलेल्या त्या बाईचे नाव ठाऊक असेल, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, तर कृपया गट ऑफिसात आबांच्या नावे चिठ्ठी ठेवावी. वहीत त्या पानावर जागा सोडलेली आहे.