प्रश्नाला उत्तर देणारा शास्त्रज्ञ
डॉ. जयंत नारळीकर यांचे जीवन आणि कार्य

चंद्र आपल्याबरोबर का चालतो? तारे कशाचे बनले आहेत? सगळ्यात आधी काय होते? लहान मुले असे प्रश्न विचारतात आणि बहुतेक घरांत त्यांना एकच उत्तर मिळते : "गप्प बस, अभ्यास कर." मुलाच्या प्रश्नाला कधीही लहान न मानणारे एक थोर शास्त्रज्ञ आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. २० मे २०२५ रोजी वयाच्या ८६व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव डॉ. जयंत विष्णू नारळीकर.

घरातला फळा

त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. वडील विष्णुपंत बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. बालपण बनारसला गेले. गणित शिकायला त्यांच्या घरी राहिलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर जयंतसाठी एखादे अवघड कोडे लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे. मामा लगेच उत्तर सांगत नसत आणि भाच्याला चैन पडत नसे. गणिताची गोडी शाळेआधी घरात लागली ती अशी.

१९५७ साली बी.एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले. तिथे गणितात रँग्लर झाले आणि विख्यात शास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली १९६३ मध्ये पीएच.डी. मिळवली.

वजनाचे गूढ

हॉईल आणि नारळीकर यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. दगड ढकलायला जोर का लागतो? त्याच्यात वस्तुमान आहे म्हणून, असे आपण म्हणतो. पण हे वस्तुमान येते कुठून? या दोघांचे म्हणणे असे, की ते एकट्या दगडाचे नाही. विश्वातल्या दूरदूरच्या सगळ्या पदार्थाशी असलेल्या नात्यातून ते येते. बाकीचे विश्व नसते, तर दगडाला वस्तुमानही नसते.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली. १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, नारळीकरांना पद्मभूषण मिळाले. पण रॉयल सोसायटीत हॉईल यांनी हा सिद्धांत मांडल्यावर एका २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने भरसभेत हरकत घेतली, की या गणितातली एक राशी अनंत होते. हा विद्यार्थी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले स्टीफन हॉकिंग. विज्ञानाची रीतच अशी आहे. तिथे वय आणि मोठेपण पाहिले जात नाही, मुद्दा पाहिला जातो.

विश्वाला आरंभ आहे का?

बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, की विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली. १९६५ मध्ये आकाशात सर्वत्र पसरलेले मंद प्रारण सापडल्यावर हे मत बळकट झाले. नारळीकर मात्र शेवटपर्यंत वेगळ्या बाजूला राहिले. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी वेगळे प्रतिरूप मांडले : विश्व आळीपाळीने प्रसरण आणि आकुंचन पावते आणि त्यात ठिकठिकाणी नवा पदार्थ निर्माण होत राहतो. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटले नाही. पण नारळीकरांनी कटुता न धरता मुद्द्याला मुद्द्याने उत्तर दिले.

आपल्यापैकी काही वाचक इथे थबकतील. विश्वाला आरंभच नाही असे म्हणणाऱ्याचे पुस्तक मुलांच्या हातात द्यावे का? माझे मत, जरूर द्यावे. अल्लाहने हे विश्व निर्माण केले यावर आपला ईमान आहे आणि तो एका सिद्धांताने डळमळावा इतका कच्चा नाही. तसेच, महास्फोटाचा सिद्धांत आपल्या बाजूचा पुरावा म्हणून मिरवण्याचीही घाई नको. विज्ञानाची मते पुराव्यानुसार बदलतात. दीनचा आधार त्यांवर ठेवला, तर उद्या पंचाईत आपलीच होईल.

पोस्टकार्ड आणि पत्रिका

१९७२ मध्ये केंब्रिज सोडून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली. २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते. मुलांनी सही मागितली की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवीन. आणि खरोखरच पाठवत.

मराठीत त्यांनी 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशी पुस्तके लिहिली. पहिली कथा त्यांनी टोपणनावाने स्पर्धेत पाठवली होती आणि तिला बक्षीस मिळाले. त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २०२१ मध्ये नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

ज्योतिषाची त्यांनी सरळ परीक्षाच घेतली. हुशार मुले आणि बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुले यांच्या जन्मपत्रिका मिसळून ज्योतिष्यांना पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. नाणे उडवून जितकी उत्तरे बरोबर येतील, तितकीही आली नाहीत. यावर हसण्याआधी आपल्या घरांकडे पाहावे. फाल काढणाऱ्याच्या दारात लग्नाची तारीख आणि आजाराचा इलाज विचारायला आपलीही माणसे जातातच.

आपल्या घरात काय करता येईल?

आमच्या मौद्यात रात्री वीज प्रकल्पाचे दिवे ताऱ्यांपेक्षा ठळक दिसतात. तरी कन्हानच्या काठावर हिवाळ्यात रोहिणीचा लालसर तारा सहज ओळखता येतो. जग त्याला अल्देबरान म्हणते. हे नाव अरबी आहे, अर्थ 'मागून येणारा', कारण तो कृत्तिकांच्या मागून चालतो. कधीकाळी आपले पूर्वसुरी आकाशाला इतके प्रश्न विचारत होते, की ताऱ्यांना त्यांचीच नावे राहिली. त्या नावांचा अभिमान पुरेसा नाही. आज प्रश्न कोण विचारते आहे?

काम फार खर्चाचे नाही. भिंतीवर एक फळा लावा. आठवड्याला एक कोडे त्यावर लिहा आणि सुटेपर्यंत पुसू नका. वाचनालयातून नारळीकरांचे एक पुस्तक आणा. शाळा उर्दू असो, मराठी असो वा इंग्रजी, आपल्याला कळणाऱ्या भाषेत विज्ञान वाचलेले मूल घोकंपट्टीवर थांबत नाही. सुट्टीत नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातले तारांगण दाखवा, मुलाला आणि मुलीलाही. मुलीचा प्रश्न तर आणखी लवकर दाबला जातो.

उत्तर माहीत नसेल तर तसे सांगण्यात अब्बा-अम्मीला कमीपणा नाही. "मला ठाऊक नाही, चल शोधू" एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.