पालीहून पुण्याला, एका सुनावणीसाठी

बीड सोडून मांजरसुंब्याच्या दिशेने निघाले, की थोड्याच अंतरावर पाली लागते आणि बिंदुसरा प्रकल्पाचे पाणी दिसते. पाऊस चांगला झाला तर हे पाणी बीडकरांच्या घराघरांत बोलण्याचा विषय होते. नाही झाला तर त्याहून मोठा विषय होते. हीच बिंदुसरा पुढे बीड शहरातून वाहते आणि १९८९ चा तिचा पूर जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. अशा गावाच्या शिवारात उद्या एखादी मोठी खाण किंवा कारखाना येऊ घातला, तर ग्रामस्थांनी दाद मागायची कुठे? आणि तिथे गेल्यावर नेमके घडते काय?

सुनावणी म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातले कोर्ट उभे राहते. साक्षीदाराचा पिंजरा, वकिलांची जुगलबंदी आणि शेवटी हातोडा! प्रत्यक्षात यातले फारसे काही नसते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्समध्ये १९८० पासून जमीन, नगररचना आणि पर्यावरण यांचे तंटे ऐकणारे एकच स्वतंत्र न्यायालय आहे. आपल्याकडे ही कामे वाटली गेली आहेत, आणि सामान्य माणसाची पहिली फसगत तिथेच होते. कोणत्या दारात काय मागायचे, हेच त्याला कळत नाही.

पहिले दार गावाजवळच असते. ते म्हणजे जनसुनावणी. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीपूर्वी ती घ्यावी लागते. सगळ्यांना नाही, अधिसूचित औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि इमारतींची बांधकामे यांना सूट आहे. सुनावणी भरवते प्रदूषण नियंत्रण मंडळ, अध्यक्षस्थानी असतात जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अप्पर जिल्हाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यातले एक वर्तमानपत्र प्रादेशिक भाषेतले असावे लागते. प्रकल्पाच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला ठेवलेला असतो. त्याचा मराठी सारांशही असतो. हा सारांश आधी वाचून आलेला माणूस मंडपात लगेच ओळखू येतो. तो प्रश्न विचारतो. बाकीचे भाषण करतात.

मंडप, खुर्च्या, पोलिसांचा बंदोबस्त, कंपनीने पडद्यावर दाखवलेली हिरवीगार चित्रे, एका बाजूला रोजगाराची आशा धरून आलेली तरुण मुले आणि दुसऱ्या बाजूला विहिरीच्या काळजीने आलेले शेतकरी, असे हे दृश्य असते. दोघांचीही गरज खरी असते, हे विसरता कामा नये. मात्र एक गैरसमज दोघांच्याही मनात असतो. इथे मतदान होत नाही. हात वर करून प्रकल्प मंजूरही होत नाही आणि नामंजूरही होत नाही. लोकांनी काय म्हटले आणि कंपनीने त्यावर काय उत्तर दिले, याची नोंद करून ती वर पाठवणे, एवढेच या सुनावणीचे काम. निर्णय वरच्या समितीच्या शिफारशीवर होतो, आणि त्या समितीपुढे पालीची माणसे नसतात; नोंद असते.

म्हणूनच बहिष्कार टाकून मंडपाबाहेर पडण्याची आपली जुनी रीत इथे अंगाशी येते. या सुनावणीला किमान उपस्थितीची अटच नाही. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी सुनावणी झालीच, असे धरले जाते. त्यापेक्षा हरकत कागदावर लिहून द्यावी, पोच घ्यावी आणि शेवटपर्यंत बसून राहावे. कारण कामकाजाचा गोषवारा त्याच दिवशी, तिथेच, लोकांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. चित्रीकरणही करावे लागते. आपला मुद्दा वाचला गेला नाही, तर तिथेच उठून सांगता येते. दुसऱ्या दिवशी सांगून उपयोग कमीच.

नगररचनेच्या सुनावणीचा मासला निराळा. शहराच्या हद्दीत तुमचा प्लॉट असेल आणि विकास योजनेच्या प्रारूपात त्यावर उद्यानाचे किंवा रस्त्याचे आरक्षण पडले असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली हरकत घेता येते. त्यासाठी मुदत आता अवघी तीस दिवसांची आहे. पुढे नियोजन समिती म्हणणे ऐकते. काही मिनिटांचेच काम असते, तेव्हा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा आणि ‘आरक्षण इथे नको, कारण...’ एवढेच घेऊन जावे. घराण्याचा इतिहास सांगू नये!

आता दुसरे दार. गावातून निघून पुण्याला जावे लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१० च्या कायद्याने स्थापन झाले आणि महाराष्ट्र, गुजरात व गोव्यासाठीचे त्याचे न्यायपीठ २०१३ पासून पुण्यात आहे. वर्तमानपत्रे त्याला ‘हरित लवाद’ म्हणतात. खरे तर लवाद म्हणजे दोघांनी राजीखुशीने नेमलेला पंच; हे तसे नव्हे. हे न्यायालयच आहे, फक्त न्यायमूर्तींच्या शेजारी पर्यावरण विषयातला तज्ज्ञ सदस्यही बसतो. पाणी, हवा, जंगल आणि पर्यावरण संरक्षण असे मोजके कायदे त्याच्या कक्षेत येतात. वन्यजीव कायदा त्यात नाही.

इथे सर्वांत निर्दय असते ते घड्याळ. पर्यावरण मंजुरीविरुद्धचे अपील तीस दिवसांत करावे लागते. पुरेसे कारण दाखवले तर आणखी साठ दिवस मिळतात. त्यानंतर दार बंद! मंजुरी मिळाल्याची जाहिरात कंपनीला स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते. म्हणून रविवारची पुरवणी वाचून झाल्यावर आतल्या पानांतल्या त्या बारीक टाइपातल्या जाहिरातींवरूनही नजर फिरवावी. इतर तंट्यांत सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षे अशी मुदत आहे. शुल्क मात्र भारी नाही. भरपाई मागितली नसेल तर एक हजार रुपये. मागितली असेल तर रकमेच्या एक टक्का. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही माफ.

वकील लावलाच पाहिजे असे नाही, पण भाषेची अडचण येते. कामकाज इंग्रजीत चालते. मराठी कागद भाषांतरासह द्यावे लागतात, आणि चांगले भाषांतर करून देणारा माणूस बीडला शोधणे हे काही वेळा वकील शोधण्याइतकेच अवघड. तरीही सामान्य माणसे तिथपर्यंत गेली आहेत. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी भरावामुळे आणि बंदराच्या कामामुळे मासेमारी गेल्याची तक्रार केली, आपली बाजू स्वतःच मांडली, आणि २०१५ मध्ये पुण्याच्या न्यायपीठाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, हेही सांगायला हवे. न्यायाधिकरणाच्या निकालावर तिथे अपील होते.

पहिल्या दिवशी पुकारा होतो, न्यायपीठ दोन-चार प्रश्न विचारते, समोरच्यांना नोटीस निघते आणि पुढची तारीख पडते. पाच-दहा मिनिटांत आपण बाहेर! रात्रभर एस.टी.त बसून आलेल्या माणसाला हे फार लागते. कायद्यात सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे आहे. पण २०१८ मध्ये सदस्यच नसल्याने पुण्याचे काम थांबले होते, तेव्हा सहा महिन्यांचा हिशेब घरी सांगू नये. २०२० नंतर दूरचित्र-संवादाने सुनावणी होऊ लागल्याने निदान काही खेपा वाचतात.

खरे वळण बहुधा यानंतर येते. न्यायपीठ पुष्कळदा जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांची संयुक्त समिती नेमते आणि जागेची पाहणी करून अहवाल मागवते. ही समिती शिवारात येते तो दिवस पुण्यातल्या तारखेपेक्षा मोठा. बाटलीत भरून पुण्याला नेलेल्या पाण्याचा फारसा उपयोग नसतो. अधिकाऱ्यांनी रीतसर घेतलेल्या नमुन्याचा होतो. तो कुठल्या विहिरीतून घ्यायचा, हे कोणी तरी दाखवावे लागते. कुठल्या महिन्यात कुठल्या आडाचे पाणी बदलले, हे रोज पाणी शेंदणाऱ्या बायकांना जेवढे ठाऊक असते तेवढे सरपंचाला नसते. त्यांनी त्या दिवशी खुरपणीला जाऊ नये, विहिरीपाशी थांबावे, आणि निघताना समितीकडून पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.