गोळ्यांची रिकामी डबी

पेपरमिंटच्या किंवा खोकल्याच्या गोळ्या संपल्या की उरलेली पत्र्याची चपटी डबी टाकून द्यायला हात धजावत नाही. कोणी तिच्यात टाचण्या ठेवते, कोणी सुईदोरा. ट्रेकला जाणाऱ्या मुलामुलींनी तिला आणखी एक काम दिले आहे. आगकाड्या, मेणबत्तीचा तुकडा, कापूस, शिट्टी, चिकटपट्ट्या असे सगळे भरून ‘संकटाची डबी’ तयार करायची आणि खिशात ठेवायची. शिबिरासाठी फिटनेसचे सर्टिफिकेट घ्यायला ओपीडीत येणारी मुले ती मोठ्या कौतुकाने दाखवतात. कल्पना मलाही आवडते. आत जे भरलेले असते ते मात्र दर वेळी आवडतेच असे नाही.

कल्पना तशी नवी नाही. आगपेटी घरोघर पोचण्याआधी रानात फिरणारी माणसे चकमक बाळगत. एक गार, पोलादाचा तुकडा आणि कापूस. ठिणगी दगडातून निघते असे आपल्याला वाटते, पण जळतो तो पोलादाचा बारीक कीस. गार पोलादापेक्षा कठीण असते, म्हणून ती त्याचे कण खरवडून काढते आणि घर्षणाने तापलेले ते कण हवेत पेट घेतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अशा गारगोट्या भरपूर सापडतात. ठिणगी धरायला अर्धवट जळालेला काळा कापूस लागतो. तो करायलाही डबीच उपयोगी पडते. झाकणाला बारीक भोक पाडून सुती चिंध्या आत कोंडून तापवल्या की हवेअभावी त्या पेटत नाहीत, नुसता कोळसा होतो. मात्र आजच्या डब्यांना रंग आणि आतून लाखेसारखा लेप असतो. हा उद्योग घराबाहेर, धूर अंगावर न घेता करावा. त्याच डबीत चहा उकळणे तर नकोच. जुन्या डबीच्या सांध्यात शिशाचे डाख असू शकते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना शत्रूच्या मुलखात उतरावे लागले तर जवळ असावी म्हणून खिशात मावणारी पेटी दिली जाई. क्लेटन हटन यांनी सुरुवातीला त्यासाठी पन्नास सिगारेटींचा चपटा पत्र्याचा डबाच वापरला. आत माल्टेड दुधाच्या गोळ्या, आगकाड्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि झोप उडवणारे बेन्झेड्रिनसुद्धा! डब्यात पाणी शिरते असे दिसल्यावर पुढे प्लास्टिकची पेटी आली. आपल्या डबीतही तोच दोष आहे. वायरमन वापरतात ती काळी टेप झाकणाच्या सांध्यावर दोन वेढे गुंडाळली की बरेच काम होते, आणि ती टेप वेळेला जखमेवरची पट्टी धरायलाही येते.

आता आगीबद्दल. पावसाळ्यात घाटमाथ्यावर वाट चुकलेल्या माणसाला धोका असतो तो थंडीचा, आणि ही थंडी बर्फातलीच असावी लागते असे नाही. हवा वीस अंशांची असली तरी अंग चिंब आणि वर वारा असेल, तर शरीराची उष्णता झपाट्याने जाते. आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की आम्ही त्याला हायपोथर्मिया म्हणतो. आधी हुडहुडी, मग हातातून वस्तू निसटणे, अडखळणे, बोलणे जड होणे. ‘दमलाय, झोपू दे’ असे सोबती म्हणतात, तो क्षण सर्वांत वाईट. हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस गप्प झाला, तर तो सुधारला नसून बिघडला आहे. अशा वेळी धो धो पावसात ओली लाकडे पेटवण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा ओले कपडे काढणे, वाऱ्याआड बसवणे, अंगाखाली सॅक किंवा दोर घालणे आणि कचऱ्याच्या मोठ्या पिशवीला तोंडापुरते भोक पाडून ती अंगावर चढवणे जास्त कामाचे. शुद्धीत असेल तर गोड काहीतरी द्यावे. दारूचा घोट देऊ नये, हातपाय चोळू नयेत, आणि बधिर झालेली कातडी जाळाजवळ नेऊ नये. भाजलेले त्याला कळतच नाही.

तरीही जाळ लागतो, कधी उबेसाठी, कधी शोधणाऱ्यांना दिसावा म्हणून. त्यासाठी सर्वांत साधी वस्तू म्हणजे पेट्रोलियम जेली चोळलेला कापसाचा बोळा. देवापुढची तुपात भिजवलेली फुलवात ज्या तत्त्वावर जळते तेच हे. कापूस वात, जेली इंधन. बोळा थोडा पिंजून पेटवला की काही मिनिटे सहज जळतो, आणि तीच जेली घासून सोललेल्या मांडीलाही लागते.

बरीच मुले त्याऐवजी कापूर ठेवतात. कापूर चटकन पेटतो हे खरे, पण तो उडूनही जातो, आणि मला त्याची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. ट्रेकहून आल्यावर डबी टेबलावर पडते. घरातल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला ती गोळ्यांची डबी म्हणूनच ठाऊक असते. वरचे चित्रही तेच, उघडल्यावर आत पांढऱ्या वड्या. कापराची एखाददुसरी वडीसुद्धा एवढ्याशा मुलाला झटके आणू शकते, तेही काही मिनिटांत. असे झाले तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. झटका आला तर ती श्वासनलिकेत जाते. तडक रुग्णालय गाठा आणि डबी सोबत आणा. छोट्या टॉर्चमधली बटणासारखी बॅटरी तशीच घातक. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. म्हणून डबीवरचे गोळ्यांचे चित्र खरवडून टाका, तिच्यावर लाल रंग मारा आणि ती उंच कपाटात ठेवा.

तंबाखू-चुन्याची डबी वापरणारेही भेटतात. तंबाखू सोडून डबी ठेवली असेल तर माझ्याकडून शाबासकी! पण चुन्याचा कप्पा घासून धुवा. वाळलेला चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ पांढरे पडते.

काही यादीत पोटॅशियम परमँगनेटचे खडे आणि ब्लेड हटकून असते. याला एक इतिहास आहे. १९०४ मध्ये ब्रंटन, फेयरर आणि रॉजर्स यांनी सर्पदंशाची जागा चिरून हे खडे चोळण्याची पद्धत सुचवली. त्यासाठी छोटे पाते आणि खडे एकत्र ठेवता येतील असे खिशातले साधनही निघाले. उपाय निकामी ठरला, सवय मात्र राहिली. सर्पदंशात चिरणे, चोखणे, आवळून बांधणे काहीच करू नये. हात किंवा पाय न हलवता माणसाला प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात पोचवावे. १०८ लक्षात ठेवा. खडे पाण्यात अंदाजाने टाकून पिणाऱ्यांचे तोंड आणि घसा भाजतो, म्हणून तेही नकोत.

जाळावर सॅनिटायझर किंवा पेट्रोल ओतू नका, हे सांगायला नको, पण आमच्या बर्न वॉर्डकडे पाहून सांगावे लागते. तंबूत किंवा बंद गुहेत कोळसे पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि हिवाळ्यानंतरचे वाळके गवत कोणाचे ऐकत नाही. कड्याला आग्या मोहोळ असेल तर धूर करणे म्हणजे आपणहून संकट बोलावणे.

माझ्या डबीत पहिली जागा शिट्टीला. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा. हा जगभर कळणारा संकेत आहे. मग कापसाचे दोन बोळे, लायटर, चिकटपट्ट्या, सेफ्टी पिना. औषधाच्या गोळ्या सुट्या टाकू नका, पाकिटाचा तुकडा मुदतीची तारीख दिसेल असा कापा. ओआरएसची पुडी डबीत मावत नाही, ती सॅकच्या कप्प्यात. आणि तळाशी घडी घालून एक चिठ्ठी: नाव, घरचा फोन, चालू औषधे, ॲलर्जी. ती पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई पाण्यात पसरते.